पाण्यावरचं भांडण

ओढ्यावर घोडीनं पाण्यात तोंड घातलं, तशी तिच्यावरची मुलगी खाली उतरून स्वतःच्या तोंडावर पाणी मारू लागली. घोडीचे दोन घोट झाले असतील-नसतील, तोच शेजारी पाणी पिणारा काळा घोडा गर्रकन वळला आणि स्वारासकट निघून गेला. झालं! घोडीनं मान वर केली आणि पाणी सोडून त्याच्यामागं ओढ घेतली.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत याला माफी नाही. सगळ्या घोड्यांचं पिऊन झाल्याशिवाय पाण्यावरून कुणी हलायचं नसतं. एक निघाला की बाकीच्यांचं पाण्यावरचं चित्तच उडतं.

"अहो! थांबा की!" ती ओरडली. मागं उरलेल्या धुळीनं काय ते ऐकलं.

घोडीचं वय झालेलं. "आज पल्ला पुरा केला तर ठीक, नाहीतर हिची शर्यत संपली," असं बाबांनी निघतानाच बजावलं होतं. आणि मधल्या तपासणीच्या थांब्यावर घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी घोडीच्या छातीला नळी लावून मान हलवली. "ठोके उतरत नाहीत. पाणी कमी पडलंय. थोडा वेळ देते. नाही उतरले तर इथंच थांबायचं."

घोडी बादलीला तोंड लावेना. आणि समोर तो काळ्या घोड्याचा स्वार! निवांत खोगीर उतरवत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रीतभात काही आहे की नाही? माझी घोडी तहानलेली राहिली तुमच्यामुळं!"

"माझा घोडा लाथाळ आहे," तो ओशाळून म्हणाला. "लोकांनी लांब राहावं म्हणून शेपटीला लाल फीत बांधली होती, ती झुडपात अडकून गेली. तुमची घोडी अगदी जवळ आली... म्हणून त्याला तिथून काढलं."

"मग तसं सांगायचं! तोंड नव्हतं?"

"होतं की. पण तुम्ही तोंडावर पाणी मारत होता..." त्याचे कान लाल झाले. "शब्दच फुटेना."

"घोड्याला पाय आवरत नाहीत, धन्याला डोळे!"

 तो काळ्याला घेऊन आला आणि बेताचं अंतर राखून त्यानं त्याला दुसऱ्या बादलीपाशी उभं केलं. काळा आवाज करत पिऊ लागला. घोडीनं कान टवकारले, जरा घुटमळली... आणि बादलीत तोंड घातलं. घोट गळ्यातून उतरताना दिसत होते.

"काळा घोडा! निघायची वेळ!" तिकडून पंचांची हाक आली.

"जा ना! पहिले आहात तुम्ही."

"तिचं पिऊन होऊ दे."

"असं केलं की माझा राग जाईल, असं वाटतंय?"

"नको जायला. रागावलेल्या माणसाला पुन्हा भेटायला कारण तरी असतं."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी लावली. "उतरले. जा!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेही तिनं रागानंच पुसलं. "बघत काय राहिलास? खोगीर चढव! तुझा नंबर तर गेलाच, आता माझ्याबरोबर चल. शर्यतीच्या शेवटाला बाबा उभे असतील, त्यांना तुला दाखवायचंय."

"काय म्हणून?"

"ज्याच्यावर मी जन्मभर रागावणार आहे, तो हा म्हणून!" ती फणकारली — आणि आपण काय बोलून बसलो ते कळताच तिनं घोडीवर उडी घेऊन टाच मारली.