दंडावरची पाच बोटं

तिने डॉक्टरांचं म्हणून जे दार उघडलं, त्याच्या आत भिंतीभर हातच हात टांगलेले होते. पांढरे, प्लास्टरचे, खांद्यापासून तोडल्यासारखे... काही सडपातळ, काही टम्म सुजलेले.

"घाबरू नका," त्या हातांमागून आवाज आला. "यातल्या कुणीही अजून कुणाला हात लावलेला नाही."

ती मागे सरली ती टेबलावरच धडकली. दोन राखाडी पट्ट्या खाली पडल्या.

"डॉक्टर शेजारी बसतात," त्या उचलत तो हसला. "पण पट्टी इथेच बांधतात." एक त्याने तिच्या डाव्या दंडावर बांधली, दुसरी स्वतःच्या.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या होत्या, तेव्हापासून तिला त्या हाताच्या सुजेची धास्ती होती. पट्टीतले सेन्सर दिवसभर दंडाचा घेर आणि त्यावरचा दाब मोजायचे. डोळ्यांना सूज दिसण्याआधी त्यांना कळायची. त्या पट्ट्या तोच बनवायचा, भिंतीवरच्या हातांवर मापं जुळवून. तुलनेला निरोगी हात हवा, म्हणून एक पट्टी तो स्वतः वापरायचा. ती कर्णबधिरांची दुभाषी होती. तिचे हात हेच तिचं बोलणं. एक हात जड झाला, तर अर्धं बोलणं गेलं.

तपासणीला ती दर आठवड्याला येऊ लागली. "पट्टीवाल्याकडे जायला केस मोकळे कशाला लागतात गं?" असं वहिनी विचारायची. ती केस आणखी सैल सोडून निघायची.

त्या दिवशी मात्र तो हसला नाही.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"का? स्थळ बघताय?"

"कुणीतरी... तुमचा दंड धरतं."

संगणकाच्या पडद्यावर तिच्या नावाखाली दंडाची आकृती होती. आकृतीवर दाबाचे डाग. चार बोटं बाहेरून, अंगठा आतून.

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. ऑपरेशनपासून दंडाची आतली बाजू बधिर होती, आणि बाहेरून तर सतत पट्टीचाच दाब असायचा. तिथे कुणी हात ठेवला तरी तिला कळलं नसतं.

"कधी धरतं?"

"फक्त या खोलीत," तो हळूच म्हणाला. "तुम्ही आलात की."

खोलीत दोघंच होती. भिंतीवरचा एक प्लास्टरचा हात खुंटीवर संथ हलल्यासारखा वाटला... वारा नसताना.

आणि पडद्यावर एकेक बोट उमटू लागलं.

"आत्ता," तो पुटपुटला. "आत्ता धरलंय."

तिने मान वळवून दंडाकडे पाहिलं. पट्टी होती, बाही होती. बाकी कुणी नव्हतं. डाग गडद होत गेले. आजार परत येतो तेव्हा असाच येतो का, न सांगता, हात धरायला?

"सोड," ती म्हणाली. कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग सवयीने तिची नजर समोरच्या हातांवर गेली. त्याच्या उजव्या मुठीत त्याचाच डावा दंड होता. बोटांची पेरं पांढरी पडलेली.

"हात काढा."

"काय?"

"स्वतःच्या दंडावरचा. काढा हो!"

त्याने काढला. पडद्यावरची बोटं विरून गेली.

पहिल्याच दिवशी, खाली पडल्या तेव्हा, पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी आले की स्वतःला इतकं धरून का ठेवता?"

"नाहीतर..." त्याचे कान लाल झाले. "नाहीतर हात तुमच्याकडे येईल."

पण बोलता बोलता तो थांबला. त्याने स्वतःच्या नावाखालची, दंडाच्या घेराची रेघ उघडली. रोज संध्याकाळी किंचित चढणारी. बैठ्या कामाने आपलाच दंड भरतोय, असं तो आजवर समजत आला होता.

"म्हणजे ही... तुमची."

तिचं हसू ओठांवरच विरलं. नको असलेला पाहुणा खरंच आला होता. दुसऱ्याच्या नावाखाली गुपचूप बसला होता, इतकंच.

"सूज?"

"सुरुवात आहे. माझीच चूक, आधी कळायला हवं होतं. आजच, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ. या टप्प्यावर आटोक्यात राहते."

"नक्की?"

"बहुतेक वेळा. तुम्हाला खोटं नाही सांगणार."

मग तिने त्याचा हात घेतला आणि आपल्या दंडावर ठेवला, आतल्या बाजूला, जिथे काहीच कळत नव्हतं.

"दाबायचं नाही हं."

त्याने श्वाससुद्धा जपून घेतला. पडद्यावर, त्याच्या नावाखाली, पाच फिकट डाग उमटले.

"कळतंय?"

"नाही," पडद्याकडे बघत ती म्हणाली. "दिसतंय पण... राहू दे तुझा हात."