सर राउंडला गेलेत

मुलाखतीला आलेल्या पहिल्या फिजिशियनने बसण्याआधी पार्किंगची चौकशी केली आणि बसल्यावर विचारलं, "पेशंट रोज बघावे लागतील का?"

गार्गीने चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. "हॉस्पिटल आहे डॉक्टर. पेशंट रोजच असतात."

"तसं नाही हो. मी ठाण्यात, भांडुपमध्ये, आणखी दोन-तीन ठिकाणी आहेच ना. सिस्टर फोनवर सांगतात, मी फोनवर औषध सांगतो. झकास चालतं."

दुसरा त्याहून बरा निघाला. तो आलाच नाही.

मुलुंड पश्चिमेला, पाच रस्त्याच्या नाक्यापासून जरा आत, केमिस्ट आणि फरसाणवाल्याच्या मधल्या गल्लीत हे हॉस्पिटल होतं. मालक डॉ. शौनक देवस्थळी हाडांचे डॉक्टर. त्यांच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी दुसरा मजला होता, तिथे काचेचे दरवाजे होते आणि भिंतींवर धबधब्यांची चित्रं. तिसऱ्या मजल्यावर जनरल वॉर्ड. ताप, दमा, साखर, थकलेली हृदयं, म्हणजे ज्यांच्यातून नाव होत नाही अशी माणसं तिथे ठेवलेली. लिफ्टसुद्धा तिसऱ्या मजल्यावर जरा नाराजीनेच उघडायची. वॉर्डच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसत. त्या मजल्याला मिळालेली ती एकच चांगली गोष्ट, आणि त्यात शौनकचा काही हात नव्हता.

गार्गी इथे माणसं नेमायच्या कामावर होती. याआधी मालाडच्या एका कंपनीत ती कॉम्प्युटरवाली माणसं नेमायची. गेल्या वर्षी बाबा घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात गेले. सकाळपासून त्यांना श्वास पुरत नव्हता आणि ती काउंटरवर फेऱ्या मारत होती. प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळायचं, 'सर राउंडला गेलेत.' संध्याकाळी बाबांचा श्वास थांबला तेव्हाही सर राउंडलाच होते. नंतर कळलं, की सर त्या इमारतीत कधी आलेच नव्हते. बाहेरच्या फळ्यावर त्यांचं फक्त नाव होतं.

तिने मालाड सोडलं, इथे आली. नातेवाइकांना वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. डोकं शाबूत होतं. तिला एकच गोष्ट करायची होती: एका तरी हॉस्पिटलच्या एका तरी मजल्यावर, खाटेशेजारी उभा राहणारा हाडामांसाचा डॉक्टर आणून ठेवायचा.

आणि तो मिळालाही. डॉ. अक्षता परुळेकर, मूळची कुडाळची, नुकतीच एम.डी. झालेली. तिने पार्किंगचं विचारलं नाही. "प्रत्येक खाटेला ऑक्सिजनचा पॉइंट आहे का?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता जिना चढून स्वतः बघून आली. "दोन पॉइंट बंद आहेत मॅडम," ती म्हणाली. "आधी ते करून घ्या. मी येते."

गार्गीला त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी भूक लागली.

"मुलगी हुशार आहे गं," शौनक म्हणाला. "पण आत्ता नको. आधी तपासणी होऊ दे."

मानांकन देणारी समिती तपासणीला येणार होती, आणि पूर्ण वेळ फिजिशियन असल्याशिवाय मानांकन मिळत नव्हतं.

"म्हणूनच तर आत्ता घ्यायला हवी," गार्गी म्हणाली.

"आत्ता कागदावर आहे ना आपल्याकडे. सांगलीचे डॉ. मार्तंड घळसासी. सर्टिफिकेटं त्यांनी पाठवलीयत, सही पाठवलीय. माणूस पाठवायचं काही ठरलं नव्हतं." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "तू फार सिरियसली घेतेस यार. सगळेच असं करतात."

सगळेच करतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिचे बाबा त्यातच गेले होते.

तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगत, जुने पलंग ठेवायची खोली रिकामी केली गेली. दारावर डॉ. घळसासींच्या नावाची पितळी पाटी लागली. आत टेबल, खुंटीवर पांढरा कोट, उघडं पुस्तक, त्यावर स्टेथोस्कोप. शौनक या कामात हौसेने रमला. लग्नाचं रुखवत मांडावं तसं तो एकेक वस्तू ठेवून, मागे सरकून बघत होता. "चष्मा उघडा ठेव. मिटलेला नको. आणि रोज एक कप चहा ठेवायचा, अर्धा. माणूस आत्ताच उठून गेलाय असं वाटलं पाहिजे."

वॉर्डच्या नीला सिस्टरला आणि बाकी सगळ्यांना एकच वाक्य पाठ करायला दिलं. कोणीही विचारलं तर म्हणायचं, सर राउंडला गेलेत.

"तालीम आजपासूनच," शौनक म्हणाला. "सवय झाली की चेहऱ्यावर दिसत नाही."

तपासणी झाली की अक्षताला घेईन, असा शब्द गार्गीने त्याच्याकडून घेतला होता. त्या शब्दाची किंमतही ती जाणून होती.

वाक्य दिवसभर ऐकू येऊ लागलं. नातेवाइकांना, औषधं पोचवणाऱ्यांना, लॅबवाल्याला. दोन-चार दिवसांनी नीला सिस्टर ते कोणी न विचारताही म्हणू लागली. औषधांचा ट्रे लावता लावता, स्वतःशीच.

मग एका दुपारी नीला सिस्टर तणतणत खाली आली. "मॅडम, त्या खोलीतला चहा कोण पितं हो? मी अर्धा ठेवते, कप रिकामा. शोभेचा चहासुद्धा सोडत नाहीत मेले."

"कोणीतरी वॉर्डमधलंच," गार्गी म्हणाली.

"असेल. पण कप विसळून पालथा कोण घालतं? आपल्याकडे एवढी चांगली सवय कुणाला आहे?"

खिडकीजवळच्या खाटेवर रत्नप्रभाबाई होत्या. भांडुपच्या, मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, आता मुलगा राजेश कुरिअरच्या ऑफिसात. बाईंचं हृदय थकलं होतं. राजेशला सिस्टरने गावी कळवून ठेवायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार्गी वर गेली तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि बशीतून चहा पीत होत्या.

"बरं वाटतंय, मावशी?"

"बरा वाटता तर! डॉक्टर चांगलो गावलो गो तुमका. इलो काय बसता. हात धरून बसता, घाई म्हणान नाय." त्या मिस्कील हसल्या. "माझ्या घोवानसुद्धा कधी एवढो येळ माझो हात धरूक नाय."

"कोण डॉक्टर?"

"तोच गो. आताच गेलो."

पलीकडच्या खाटेवरचा दम्याचा पेशंटही म्हणाला, की हो, आत्ताच गेले. कसे दिसतात, हे मात्र कोणाला नीट सांगता येईना. हात गार आहेत, एवढं सगळ्यांनी सांगितलं.

गार्गी त्या खोलीत गेली. कोट खुंटीवर नव्हता. ती वळून वॉर्डच्या टोकापर्यंत जाऊन आली. परत आली तर कोट खुंटीवर होता. शौनकने कोणीतरी नट आणलाय, असं तिने ठरवलं. ते त्याला शोभेसं होतं.

समिती आली, जेवली, गेली. जाताना समितीच्या प्रमुख बाई शौनकचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचे डॉ. घळसासी! अशी माणसं आता राहिली नाहीत हो. आम्ही तुम्हाला न सांगताच वर गेलो तेव्हा एका आजींची नाडी बघत होते. आम्हाला पाहूनसुद्धा उठले नाहीत. पेशंट आधी."

गाड्या गल्लीबाहेर पडल्यावर शौनकने गार्गीच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुला! कुठून आणलास गं नट?"

"मी?" गार्गी म्हणाली. "तुम्ही आणलात ना?"

फरसाणवाल्याच्या कढईचा चुर्र आवाज येत होता.

तिने सांगलीला फोन लावला. डॉ. घळसासी एका साखरपुड्यात होते, मागे सनई वाजत होती. "मी? मुलुंडला? अहो, मुंबईला येऊन मला वर्षं झाली. का, काही लफडं झालं का?"

तिने हे शौनकला सांगितलं. तो घाबरेल, निदान गप्प तरी होईल, अशी तिची कल्पना. तो थोडा वेळ गप्प झालाही. हिशेबी माणूस गप्प होतो तसा.

"म्हणजे काम होतंय," तो अखेर म्हणाला. "पेशंट खूश. तक्रार नाही. पगार नको, सुट्टी नको, पार्किंग नको. तपासणीपासून तिसऱ्या मजल्यावर एक तरी माणूस गेलाय का?"

गेला नव्हता. कोणी घरीही गेलं नव्हतं. सगळ्या खाटा भरलेल्या, सगळे चहा पिणारे, सगळे हसतमुख.

"मग पोस्ट बंद कर," शौनक म्हणाला. "त्या कुडाळच्या मुलीला नाही म्हणून कळव."

गार्गीला आजवर त्याचा राग यायचा. त्या क्षणी तेवढंही त्याच्या वाट्याला द्यावंसं वाटलं नाही. या माणसासमोर साक्षात काहीही येऊन उभं राहिलं असतं, तरी याने त्याला ड्युटी लावली असती.

शौनक गुडघ्यांच्या परिषदेसाठी गोव्याला गेला. गार्गीने अक्षताला फोन केला आणि म्हणाली, "सोमवारी रुजू हो."

सोमवारी सकाळी ऊन छान पडलं होतं. अक्षता आली, केस बांधले, वर गेली. बऱ्याच वेळाने ती खाली आली आणि केबिनचं दार आतून लावून घेतलं.

"मॅडम, या वॉर्डात नाडी कोण बघतं?"

"नीला सिस्टर लिहिते."

"लिहिते. बघते का? मी विचारलं. म्हणाली, सर रोज बघतात म्हणून मी कालचेच आकडे उतरवते." अक्षता स्वतःची बोटं अंगठ्यावर घासत होती. "मला वाटलं, माझी बोटं बधिर झाली. मग स्वतःची नाडी बघितली. ती लागते."

"म्हणजे?"

"वरच्या एकाचीही लागत नाही."

"ते बोलतायत अक्षता. मी सकाळी बघितलं."

"हो," अक्षता म्हणाली. "मला पण चहा घेतेस का म्हणून विचारलं."

दोघी वर गेल्या. अक्षताने ईसीजीचं मशीन ढकलत खिडकीजवळ आणलं. राजेश तिथेच होता, ऑफिसला जायच्या आधी डबा घेऊन आला होता. त्याने उठून गार्गीला नमस्कार केला.

"मॅडम, तुम्ही लोकांनी आईला परत आणलीत. मी गावाहून सगळ्यांना बोलावून घेतलं होतं हो. माझी बहीण तर रडतच निघाली होती."

"गप रे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "डब्यात काय हाडलंस ता सांग."

"कुळथाची पिठी."

अक्षताने मनगटांना, घोट्यांना चिमटे लावले. छातीवर वाट्या बसवल्या. तिचे हात सराईत होते, फक्त ओठ घट्ट मिटलेले. मशीन घरघरलं. गुलाबी चौकटींचा कागद बाहेर येऊ लागला, आणि त्यावरून शाईची रेघ निघाली, ती वर गेली नाही, खाली गेली नाही.

अक्षताने चिमटे तपासले. पुन्हा लावले. मग मशीन पलीकडच्या स्टुलावर बसलेल्या नीला सिस्टरला लावलं. रेघ ताबडतोब उड्या मारू लागली. परत बाईंना लावलं.

सरळ.

अक्षताने गार्गीला जिन्याशी नेलं. "मॅडम, मी इथली डॉक्टर असेन तर मला एकच गोष्ट लिहावी लागेल. सगळ्यांची. आज. आणि त्या मुलाला मलाच सांगावं लागेल." तिने ईसीजीचा कागद गार्गीच्या हातात दिला. "मी आहे का इथली डॉक्टर? तेवढं सांगा."

याच प्रश्नासाठी गार्गीने मालाड सोडलं होतं. उत्तर वर्षभर तिच्याकडे तयार होतं.

तिने वॉर्डकडे पाहिलं. राजेश आईला घास भरवत होता. पिठी हनुवटीवर सांडली, ती त्याने बोटाने पुसली. बाई काहीतरी बोलल्या आणि तो मोठ्याने हसला.

बाबांना त्या दिवशी असं कोणी भेटलं असतं तर. गार हातांचं, घाई नसलेलं, कोणीही. तिने विचारलं असतं का, की नाडी लागते का?

ती खाटेजवळ गेली. अक्षता मागे येऊन उभी राहिली.

"कसो इलो गो कागद?" बाईंनी विचारलं. "चांगलो इलो मां?"

राजेशही बघत होता, चमचा हातात धरून.

गार्गीने कागदाची घडी घातली. आणखी एक घडी घातली.

"चांगला आलाय," ती म्हणाली.

अक्षताने चिमटे काढले, मशीनची वायर गुंडाळली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला आणि गल्लीतल्या आवाजात मिसळला.

"माका ठावक होता," रत्नप्रभाबाई समाधानाने म्हणाल्या. "सरळ रेघ येतली म्हणान डॉक्टर सकाळीच सांगान गेलो."

त्यांनी उशीला डोकं टेकलं आणि खिडकीच्या बाजूचा हात चादरीवर उताणा ठेवला. त्या बाजूला कोणी नव्हतं. ऊन होतं आणि दूरवर डोंगर.

मनगटावरची सैल कातडी, अंगठ्याच्या खाली, हळूच आत दबली. तीन ठिकाणी, ओळीत.