तिसऱ्या अंकातला सुरा

कोपरखैरण्याच्या सोसायटीत नाटकाच्या तिसऱ्या अंकात राजा मरायचा होता. मरण्याऐवजी तो दंड धरून शिव्या देऊ लागला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. रक्त पुढच्या सतरंजीवर टपकलं, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

फौजदार बाजीराव रंगपटात पोचले, तेव्हा दोन्ही नट अजून वेषातच होते. राजा म्हणजे बिल्डर श्यामसुंदर. मंडप त्याचा, म्हणून मुकुटही त्याचा. सुरा मारणारा राजपुत्र म्हणजे बोनकोड्याचा रोहिदास. त्याचा भाऊ सिताराम श्यामसुंदरच्याच बांधकामावर परांची कोसळून गेला होता, आणि सोमवारी कोर्टात रोहिदासची साक्ष होती.

लाकडी सुऱ्याच्या जागी खरा कसा आला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रोहिदासने सूड घेतला, हे मात्र सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं.

नाटक लिहिणाऱ्या चारुलताबाई, ही शोकांतिका आहे, शोकांतिका आहे, एवढंच म्हणत होत्या. बाजीरावांनी शेवटचं पान वाचलं. सगळेच मरत होते. पंचनाम्यावर सही करायलाही कुणी उरत नव्हतं.

जखम बांधायला श्यामसुंदरचा अंगरखा काढला, तर छातीला टेलिफोन डिरेक्टरी बांधलेली. राजा भरदार दिसावा म्हणून, असं त्याने सांगितलं.

बाजीरावांनी सुरा निरखला. मूठ कोरी होती.

"बाई, नाटकाआधी पूजा झाली?"

"झाली ना, नटराजाची. हत्यारांना ओलं कुंकू मीच लावलं."

"सुऱ्याला?"

"मुठीवर. चांगलं ठसठशीत."

"मग?"

"मग नांदीला सगळे स्टेजवर. शेठची एंट्री उशिरा, ते इथेच बसले."

बाजीराव श्यामसुंदरकडे वळले.

"म्हणजे हा सुरा पूजेनंतर आला, शेठ, आणि तेव्हा इथे तुम्ही एकटे. वार छातीवर बसणार, हे तुम्हाला पाठ. लाकडी सुऱ्यासाठी डिरेक्टरी कोण बांधतं? सुरा तिच्यात रुतला असता, रोहिदास खुनाच्या प्रयत्नात आत, आणि साक्षीदाराचा झाला असता आरोपी. पण त्याने हात वळवला, म्हणून सुरा दंडाला लागला."

"जखमी मी आहे," श्यामसुंदर म्हणाला.

"तेही लिहून घेऊ."

हवालदाराने मुकुटाच्या डब्यातून लाकडी सुरा काढला. कुंकू अजून ओलसर होतं.

सगळे पांगल्यावर बाजीरावांनी रोहिदासला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पातं चमकलं तवा."

"मग वळवलास कशाला हात?"



"मारावा वाटला सायेब, खोटं कशाला बोलू. पन हा मेला असता न मी आत गेलो असतो, तर परांची कुजकी होती ह्ये कोर्टात कोन सांगनार?"

 मग त्याने राजपुत्राचा वेष उतरवायला घेतला.