झोपाळ्यावर कुणाची नजर?

बाळांनो, माझ्याबरोबर जरा कल्पना करा. एक नवंकोरं मैदान आहे. झोपाळे, घसरगुंडी, पडलं तरी लागणार नाही अशी मऊ जमीन. कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. आणि खेळायला? एकही मूल नाही! असं का बरं?

हेच कोडं मापाड्याला पडलं होतं. मापाड्या म्हणजे मैदानं आखणारा चार पायांचा यंत्रमानव. हे मैदान त्यानं कांडीपुऱ्यात, यंत्रमागांच्या वस्तीत बांधलं होतं. तिथल्या वरच्या आणि खालच्या गल्लीत पाण्यावरून दगडफेक झाली होती. तेव्हापासून मधला चौक ओसाड पडला होता आणि मुलं घरात कोंडली गेली होती. भांडणापासून दूर बरं, म्हणून मापाड्यानं मैदान गोदामाच्या मागे नेलं. तरी कुणी फिरकेना. आता सोमवारी झोपाळे उपटून न्यायला गाडी येणार होती.

"आई सोडतच नाही," खालच्या गल्लीतली गौतमी त्याला म्हणाली.

"पण तिथे कॅमेरे आहेत की."

"कॅमेरा 'ए, उतर खाली, पडशील!' असं ओरडतो का?"

मापाड्याचे दिवे लुकलुकले. "नाही. तो फक्त नोंद करतो."

"मग! आईला घरातून दिसलं पाहिजे. दिसलं तरच ओरडता येईल ना तिला!"

"म्हणजे आपल्याला दृष्टिरेषा (डोळ्यापासून वस्तूपर्यंतची सरळ, मोकळी रेषा) शोधायला हवी," मापाड्या म्हणाला. "प्रकाश सरळ जातो. भिंत आली की तो वळसा घालत नाही. ताणलेलं सूतही तसंच."

सूत काय, तिथे घरोघरी! गौतमीनं लाल सुताचं मोठं रीळ आणलं. दारात आईच्या डोळ्यांच्या उंचीवर टोक धरलं. मापाड्या सूत ताणत मैदानाकडे निघाला आणि गोदामाच्या भिंतीशी अडला. शेजारच्या दाराचं सूतही तिथेच अडलं. त्यापुढच्या दाराचंही!

"मग सुतं न अडता कुठे पोचतात?" गौतमीनं विचारलं.

दोघांनी सगळीकडे ताणून पाहिलं. खालच्या गल्लीच्या बहुतेक दारांची सुतं मोकळी पोचत होती ती एकाच जागी, ओसाड चौकात. पण वरच्या गल्लीची टोकं कोण धरणार?

गौतमीनं रीळ उचललं. आणि ती चौक ओलांडून गेली. पहिल्याच दारात म्हातारी हौसाक्का कांड्या भरत (मागासाठी छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळत) बसली होती.

"कुणाची गं तू?"

"खालच्या गल्लीतली."

शेजारच्या दारांतून बायका डोकावल्या.

"आजी, हे टोक धराल? चौकातला झोपाळा तुम्हाला इथून दिसेल का, ते बघायचंय."

"झोपाळा हाय कुठं तिथं?"

"दिसणार असेल तर येईल."

हौसाक्कानं टोक चिमटीत घेतलं. "असं ढिलं सोडत्यात व्हय सूत? मागवाल्याची पोर ना तू? ताण की!" मग ती शेजारी वळली. "ए शांते, बघत काय बसलीस? तुझ्या दाराचंबी धर!"

संध्याकाळी चौकावर लाल सुताचं जाळं पसरलं होतं.

"जिथे जास्त दृष्टिरेषा भेटतात, तिथे मुलं जास्त सुरक्षित," मापाड्या म्हणाला. "एकटा राखणदार डुलकी घेतो. सगळी वस्ती एकदम डुलकी घेत नाही."

रविवारी झोपाळे आणि घसरगुंडी उपटलीच, पण चौकात रोवण्यासाठी! दोन्ही गल्ल्यांनी हात लावला. मापाड्यानं कडेला कट्टा बांधला, म्हणजे कांड्या भरता भरता मुलांवर लक्ष ठेवता येईल.

तेवढ्यात वरच्या गल्लीतला एक पोरगा घसरगुंडीवर उलटा चढू लागला.

"ए, उतर खाली, पडशील!" गौतमीची आई ओरडली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. परक्या गल्लीतल्या पोराला ओरडली ही!

"ऐक की रं!" कट्ट्यावरून हौसाक्का गरजली. "मावशी काय म्हणतीया?"

आणि सगळा चौक हसला.

मापाड्याला आता पुढच्या वस्तीत जायचं होतं. गौतमीनं उरलेलं रीळ त्याच्या हातात दिलं. "थांब हं, तिथे टोक धरायला मीही येणार आहे," ती म्हणाली.

पण त्याआधी ती धावत गेली, झोपाळ्यावर उभी राहिली आणि आई ओरडेल इतका उंच झोका घेतला.