एका शब्दाचा प्रश्न

खारेबंदरच्या वेशीवर रोज सकाळी माणसं एका खांबाशी बोलायची आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटायचं नाही. "येतो रे," म्हणायचं, खांब हिरवा व्हायचा, की निघालात कामाला!

हा खांब म्हणजे रुजमापक. ज्या शहरात ठरल्याएवढी माणसं खरोखर रुजलेली असतील, त्यालाच देश 'विशेष नगर' म्हणायचा. मग स्वतःचा कायदा, स्वतःचा कर, मधे राज्याची लुडबुड नाही. पण बिल्डर लोक रिकाम्या टॉवरातही माणसं दाखवायला लागले, तेव्हा देशाच्या शास्त्रज्ञांनी हा खांब बनवला. त्याला लाखो निरोप ऐकवले आणि गंमत बघा, नियम त्यानं आपला आपणच शोधला! पाहुणा "निघतो" म्हणतो. कायमचा सोडणारा "जातो" म्हणतो. घरचा माणूस मात्र कधीच "जातो" म्हणत नाही, तो "येतो" म्हणतो. आणि कोण वेशीतून गेलं, कोण परतलं, हे विचारलं की खांब नम्रपणे सांगायचाही.

कोळीवाड्यातल्या मोहना तांडेलला हे पक्कं ठाऊक होतं. दर्जा मिळवायला माणसं कमी पडत होती, तेव्हा नगरप्रमुख कारखानीस स्वतः कोळीवाड्यात आले होते. बोंबलाचं कालवण ओरपून म्हणाले, "तुम्ही तर इथले मूळचे!" कोळीवाडा मोजला गेला, शहर काठावर पास झालं. आणि नव्या नगराचा पहिलाच कायदा काय? वास येतो, म्हणून वलांड्या उखडा! बोंबील सुकवायच्या त्या बांबूच्या मांडवांवर बुलडोझर फिरला, तेव्हा मोहनाची आई आडवी पडली होती. तिला उचलून घरी आणलं. पावसाळ्याआधीच ती गेली.

आता फेरमोजणी आली होती, आणि दर्जा पडला की तो कायदाही पडणार होता.

"एकच शब्द बदलायचा," मोहनानं वाड्याला सांगितलं.

वाड्यातली म्हातारी आत्याबाय उसळली. "दर्यावर निघताना 'जातो' म्हणायचं? जीभ झडंल गो!"

"आईला पोचवायला कारखानीस आला होता? नाही ना? मग झडू दे एक दिवस."

मोहनाचा भाऊ भिवा खो खो हसला. "आत्याबाय, यंत्राला शुभ-अशुभ कळतं काय?"

झालं! फेरमोजणीच्या सकाळी अख्खा कोळीवाडा वेशीवर. जातो. लाल. जाते. लाल. जातो, लाल! भिवानं तर खांबाला मुजराच केला. "जातो हां, कारखानीससाहेब!" आणि सगळे हसत हसत होड्यांकडे.

दुपारपर्यंत आकडा काठाखाली घसरला. कारखानीस घामाघूम होऊन वेशीवर आले. "मोहनाताई, माणसं परत बोलवा हो. एका शब्दाचा तर प्रश्न आहे!"

"वलांड्यांचा प्रश्न तरी कुठं मोठा होता? तुमच्या एका सहीचाच होता."

"अहो, दर्जा गेला तर नगराचं सगळंच बंद पडेल, तुम्हाला कळत नाही..."

"पडू दे!"

त्यांचा उतरलेला चेहरा ती डोळे भरून बघत राहिली. आईच्या हातचं कालवण जिभेवर आल्यासारखं वाटलं तिला.

ऊन कललं आणि वेशीवरची 'विशेष नगर' ही अक्षरं विझली. वाड्यात ढोल वाजले, बाया नाचल्या. तेवढ्यात आत्याबायनं मोहनाचा दंड धरला.

"लाटसूचक का गप गो?"

मोहना गर्रकन दर्याकडे वळली. लाटसूचक म्हणजे समुद्रात सोडलेली तरंगती यंत्रं. मोठी लाट उठायच्या आधी ती होड्यांना ओरडून माघारी बोलवायची. ती नगराची होती. आता नगर नव्हतं, आणि राज्य सरकार ताब्यात घेईपर्यंत ती मुकी. पश्चिमेला आभाळ काळंठिक्कर झालं होतं.

एकेक होडी धडपडत किनाऱ्याला लागली. भिवाची नाही.

मोहना धावत वेशीवर गेली. "भिवा तांडेल कुठंय?" ती खांबावर ओरडली.

खांब नेहमीच्या नम्र आवाजात म्हणाला, "भिवा तांडेल गेले."

"गेले म्हणजे?" तिनं दोन्ही हातांनी खांब गदागदा हलवला. "वेशीतून गेले, का... अरे, गेले म्हणजे काय?"