रेवाताईंचा तगकाळ

अकोल्याच्या वीज-वाटप केंद्रात त्या दुपारी तापमापकाने एक्कावन्नावर पोचून हात टेकले होते. बाहेर ऊन असं, की गच्चीवर वाळत घातलेले पापड खाली आणेस्तोवर भाजून निघत. सकाळपासून वीज निम्म्या शहरापुरतीच उरली होती. ती कुणाला द्यायची, हे माणसं ठरवत नव्हती. ते ठरवत होता केंद्राचे अभियंते दामोदर इंगळ्यांनी घडवलेला 'निकडवेध' हा संगणक-कार्यक्रम.

"घरी श्वासयंत्र असलेल्यांना आधी वीज, एवढं कळलं," नव्याने रुजू झालेल्या डॉक्टर नफीसा काझी म्हणाल्या. "पण त्यांच्यातही क्रम?"

"वीज गेल्यावर घर किती वेळाने आम्ही बसवून दिलेली मदतीची कळ दाबतं, ते निकडवेध टिपतो. तो त्या घराचा तगकाळ. तगकाळ जितका कमी, तितकी वीज लवकर. वशिला नाही, चिठ्ठी नाही. मलाही मधे हात घालता येत नाही. मीच तसं कुलूप घातलंय!" दामोदर म्हणाले.

"आणि कळ दाबलीच नाही तर?"

"मग वीज परत येईपर्यंतचा सगळा वेळ तगकाळ धरला जातो. सोय असणार त्यांची. जादा बॅटरी, सिलिंडर..."

"की संकोच, इंगळेसाहेब?"

दामोदर हसले, आणि हसता हसता थांबले. त्यांची थोरली बहीण रेवाताई एकटी राहायची, प्राणवायू-यंत्रावर. जन्मभर शाळेत पोरांना दरडावलं, पण दुसऱ्याच्या घरी पाणी मागायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

त्यांनी तिचं घर पडद्यावर काढलं. मागच्या खेपेचा तगकाळ नऊ तास. बॅटरी तीन तासांची.

फोन लावला.

"ताई, वीज आहे?"

"सकाळीच गेली. दामू, जेवला का?"

"बॅटरी?"

"संपली. सिलिंडर बारीक करून ठेवलाय. बोललं नाही... हललं नाही... की पुरतो. दरवेळी पुरवते."

"अगं, कळ दाब! आत्ता!"

"कुणा लेकराच्या घरची काढून... माझ्याकडे द्यायची? बरं दिसतं का ते?"

"ताई, माझ्यासाठी दाब."

"दाबते रे. तू... जेवून घे."

पडद्यावर काही हललं नाही. दामोदर भरलेला सिलिंडर गाडीत टाकून धावले. सात किलोमीटर, सगळे सिग्नल बंद.

ताई खुर्चीत नीट बसली होती, पदर सारखा करून. मदतीची कळ शेजारीच होती. धूळ बसू नये म्हणून तिच्यावरचं कारखान्यातलं प्लास्टिकही तिने काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वीज तशीच अपुरी. स्मशानातून दामोदर घरी न जाता थेट केंद्रात आले. डॉक्टर काझी पडद्यापुढून उठल्या नाहीत.

"साहेब, ताईंच्या घराचा तगकाळ एकतीस तास झालाय. वाढतोच आहे."

"कळ दाबायला आता आहे कोण तिथे?"

"तेच तर. गप्प माणूस आणि गेलेला माणूस, निकडवेधाला दोघं सारखेच. दोघांचं उत्तम चाललंय." काझींनी पडदा दामोदरांकडे वळवला. "यादीत ताईंच्या खाली अजून तेवीस घरं आहेत. कालपासून एकाचीही हाक नाही. वीज त्यांना सगळ्यांत शेवटी."

दामोदरांनी पहिला पत्ता वाचला. मग दुसरा. तिसरा अर्ध्यावर सोडून ते दाराकडे वळले.

"गाडी काढा," ते म्हणाले. "दारं वाजवायची."

"कुठली?"

"ज्यांची काही तक्रार नाही, ती सगळी."