केतकीचे पाय का थांबले?

समुद्राच्या तळाशी नेणारा काचेचा पाळणा सुरक्षित आहे, हे केतकी तांडेलला तोंडपाठ होतं. दोर नवे, दिवे जादा, हवेच्या टाक्या भरलेल्या. धक्क्यावरचा यंत्रमानव बाबल तिला हे सगळं रोज ऐकवायचा आणि ती मान डोलवायची. मग पाळण्याचं दार उघडायचं आणि तिचे पाय जागच्या जागी खिळायचे. डोक्याला कळलेलं पायांना का कळत नव्हतं?

मालवणच्या समुद्रात, तळाशी, प्रवाळगृह होतं. केतकीची आई तिथे राहून प्रवाळांची नवी वसाहत वाढवत होती. खालच्या माणसांच्या शरीराला पाण्याच्या प्रचंड दाबाची सवय झालेली असते. एकदम वर येणं जिवावर बेततं, म्हणून ती महिनोन् महिने खालीच असतात. केतकी काचेच्या पाळण्यातून खाली जायची आणि जाड काचेपलीकडच्या आईशी गप्पा मारायची. पण एकदा पाळणा अर्ध्यावर अडकला. दिवे गेले, संपर्काची तार तुटली. बऱ्याच वेळाने तिला वर ओढून घेतलं, आणि त्यानंतर ती खाली गेलीच नव्हती. दिवाळी झाली की आईचं पथक लक्षद्वीपच्या खोल पाण्यात जाणार होतं. तिथे पाळणा नव्हता.

बाबांनी तिला डॉ. नसीम मुकादम यांच्याकडे नेलं. त्या मानसोपचार (बोलण्यातून आणि कृतीतून मनावर केलेला उपचार) करत. बाबलही हट्टाने सोबत आला.

"मी हिला सगळी माहिती दिली, तरी फरक नाही," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला.

"भीती माहितीच्या दाराने येत नाही, बाबल," डॉक्टर हसल्या. त्यांनी केतकीच्या डोक्यावर जाळीची हलकी टोपी ठेवली. खोलीच्या मधोमध हवेत एक मेंदू उमटला. त्यात चांदण्यांसारखे ठिपके लुकलुकत होते.

"हा कुणाचा?"

"तुझाच. आत्ताचा. आता पाळणा आठव बघू."

मेंदूच्या तळाशी, आत दडलेला एक भाग भडकन पेटला.

"हा अमिग्डला (बदामाच्या आकाराचा भाग, मेंदूतली धोक्याची घंटा). विचार पुरा व्हायच्या आत हा पायांना थांबवतो. तुझे पाय वेडे नाहीत गं. ते तुला वाचवू बघतायत."

केतकी कितीतरी वेळ त्या उजेडाकडे बघत राहिली. तिने हळूच हात पुढे केला. उजेड बोटांवर पडला, पण चटका बसला नाही. इतकं मोठं काहीतरी आपल्या आत चाललेलं असतं?

"पण डॉक्टरमावशी, नुसतं बोलून बरं वाटतं, हे कुणी तपासलंय का?"

बाबलचे डोळे चमकले. "तपासलंय! सारखाच त्रास असलेली माणसं घ्यायची. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला उपचार लगेच, दुसऱ्याला काही काळ थांबायला सांगायचं. मग कुणाला काय मिळालं हे माहीत नसलेल्या माणसाने दोन्ही गट तपासायचे. उपचार घेतलेल्यांपैकी जास्त लोकांना बरं वाटलेलं दिसतं. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना."

"आणि उपचार एकाच तऱ्हेचा असतो?"

"छे!" डॉक्टर म्हणाल्या. "बोधनिक वर्तन उपचारात (विचार तपासून वागणं बदलणं) मनातलं भाकीत खरं ठरतं का, ते करून पाहतात. मनोगतिकी उपचारात (जुन्या आठवणी आणि नाती उलगडणं) दडलेलं दुखणं शोधतात. कुटुंब उपचारात घरचे सगळे एकत्र बोलतात. खूप उदास असलेल्यांना यांतल्या बऱ्याच पद्धती जवळपास सारख्याच उपयोगी पडतात. उपचार करणाऱ्यावर विश्वास बसला, तर आणखी बरं. पण एखाद्या ठरावीक गोष्टीची भीती असेल, तर तिला थोडं थोडं सामोरं जाणं बहुधा सगळ्यात चांगलं."

दुसऱ्या दिवसापासून ती धक्क्यावर जाऊ लागली. आधी उघड्या दारापाशी उभं राहणं, मग आत बसणं. दर वेळी डॉक्टर विचारत, "काय होईल असं वाटतंय?"

"श्वास बंद होईल."

छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे. ती तिथेच बसून राहायची. हळूहळू धडधड आपली आपणच उतरायची. श्वास चालूच असायचा.

पण दार बंद झालं, त्या दिवशी ती किंचाळली आणि धावत बाहेर आली. "मला नाही जमणार!"

डॉक्टर तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. त्यांनी घाई केली नाही. "पाळणा अडकला, त्या दिवशी अंधारात काय केलंस तू?"

केतकीने गुडघ्यांत तोंड खुपसलं. मग हुंदका फुटला. "मी आईला हाका मारत होते. तिने ओ दिली नाही. तिला माझी गरजच नाही!"

बाबलची मान खाली गेली. एवढ्या माहितीत हे कुठेच नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाबा, केतकी आणि पडद्यावर आई, असं तिघांना समोरासमोर बसवलं. केतकीने रडत रडत तेच आईला सांगितलं. आईचा चेहरा पांढरा पडला.

"बाळा, तार तुटली होती गं. तुझा आवाज येतच नव्हता. तू वर पोचल्याचं कळेपर्यंत मी काचेला हात लावून उभी होते. मीही तुला हाका मारत होते."

दोघींच्या हाका मधल्या पाण्यातच विरल्या होत्या.

पुढच्या खेपेला दार बंद झालं तेव्हा केतकीने डॉक्टरांचा हात घट्ट धरला. त्यानंतरच्या खेपांना हात सैल होत गेला. दिवाळीच्या तोंडावर केतकी, डॉक्टर आणि बाबल यांना घेऊन पाळणा हलला आणि खाली उतरू लागला. पाणी हिरवं झालं, मग निळं, मग गर्द निळं. भीती आली, शिगेला पोचली, आणि ओसरू लागली. तिच्या डोक्यावरच्या टोपीतून उमटलेल्या छोट्या मेंदूत बदाम अजून पेटत होता. पण कपाळाकडून एक बारीक, सोनेरी वाट त्याच्यापर्यंत झरत आली होती आणि तो शांत होत चालला होता.

"भीती पुसली नाही गेली?" तिने विचारलं.

"नाही. तिच्याशेजारी मेंदूने नवं काही शिकून घेतलं," डॉक्टर म्हणाल्या.

काचेपलीकडे प्रवाळांच्या गुलाबी फांद्यांतून मासे सरकत होते आणि त्यांच्यामागे प्रवाळगृहाच्या खिडकीत आई उभी होती. रडत, हसत, दोन्ही हात हलवत. केतकीने काचेला नाक चिकटवलं. पोटात साठलेलं सगळं ती आईला सांगत सुटली.

परतताना ती बाबलला म्हणाली, "ज्यांना कशानेच बरं वाटत नाही, त्यांचं काय?"

"काहींना पद्धत बदलून बरं वाटतं, काहींना जोडीला औषध लागतं. बाकीच्यांचं अजून कुणालाच नीट कळलेलं नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

केतकीने मान उचलली. वर समुद्राचं छत उजळत चाललं होतं आणि ती डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होती. अजून कुणालाच माहीत नाही असंही जगात काही आहे, हे तिला आज पहिल्यांदाच कळत होतं.